म्हातारीचा बूट आणि टाकीवरची बाग

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना दोनदा सांगून झालेलं काढलंय, आकडे जरा नीट मांडलेत, बाकी बोलले तसंच आहे.

सुरुवातीलाच एक प्रश्न. मलबार हिलवरचं हँगिंग गार्डन आणि त्याच्या समोरचं, म्हातारीच्या बुटाचं कमला नेहरू पार्क, या दोन्ही बागा मुंबई महापालिकेच्या कुठल्या खात्याकडे आहेत? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला, उद्यान खात्याकडे! तर नाही. या बागा सांभाळतं जलअभियंता खातं. म्हणजे तुमच्याआमच्या नळाला पाणी सोडणारं खातं. पाण्यावाल्यांचा आणि फुलझाडांचा काय संबंध? हा संबंध एकदा कळला ना, की या टेकडीवरची सहल वेगळीच होते. मुलांसाठी तर होतेच, आपल्यासाठीही होते. आजचा भाग त्याबद्दल.

आता बघा, तुमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. खालून पंपाने पाणी वर चढवायचं, टाकीत साठवायचं, आणि मग ते आपल्या वजनाने घराघरात उतरतं. मलबार हिल ही दक्षिण मुंबईची गच्ची आहे असं समजा. समुद्रसपाटीपासून साधारण पन्नास मीटर उंच. तिथे एक प्रचंड टाकी आहे, जमिनीत बसवलेली, वरून झाकलेली. आणि त्या झाकणावर माती पसरून जी बाग केली, ती म्हणजे हँगिंग गार्डन. तुम्ही हिरवळीवरून चालता तेव्हा पायाखाली मुंबईचं पिण्याचं पाणी असतं.

किती पाणी? जवळपास १४ कोटी ७० लाख लिटर. हा आकडा ऐकून काहीच कळत नाही, मलाही कळला नव्हता. म्हणून हिशेब केला. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले, तर जवळजवळ अकरा लाख माणसांची एका दिवसाची गरज भागेल इतकं पाणी.

ही टाकी का लागली, ते थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी ही नावं अजून आपल्या तोंडात आहेत, तलाव आणि टाक्या मात्र कधीच बुजल्या. शहर वाढलं तसं ते पाणी पुरेना आणि पिण्यालायकही राहीना. मग १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळातून शहरात आलं. पाठोपाठ १८७९ मध्ये तुळशी तलाव, १८९२ मध्ये तानसा. पण तलाव लांब, शहर दक्षिण टोकाला. सगळ्यांना पाणी हवं असतं सकाळच्या त्याच दोन-तीन तासांत. लांबून येणारी नळवाहिनी मात्र दिवसरात्र आपल्या गतीने वाहणार. मग मधल्या वेळेत आलेलं पाणी कुठेतरी साठवायला हवं, आणि ते उंचावर साठवायला हवं, म्हणजे सोडल्यावर जोराने जाईल. म्हणून टेकडी, म्हणून टाकी. १८८० च्या दशकात हे सगळं उभं राहिलं. आजही तत्त्व तेच आहे. पाणी आता भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं, टेकडीवर साठतं, आणि ठरलेल्या वेळेला गिरगाव, ग्रँट रोड, ताडदेव या बाजूला उतरतं. ‘पाणी आलं, पाणी आलं’ असं आपण म्हणतो, ते येतं अशाच कुठल्यातरी टेकडीवरच्या टाकीतून.

मुलांना हे सांगायची एक सोपी युक्ती. घरी एक प्लास्टिकची बाटली घ्या, खाली, मध्ये आणि वर अशी तीन भोकं पाडा, पाणी भरा. खालच्या भोकातून धार सगळ्यात जोरात निघते, वरच्यातून कशीबशी ठिबकते. वर पाणी जितकं जास्त, तितका खाली जोर जास्त. दर दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब वाढतो. टेकडीवर टाकी का, हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. आमच्या भाच्याला कळलं. त्यानंतर त्याने बाथरूममधल्या सगळ्या बाटल्यांना भोकं पाडली, तो भाग सोडून द्या.

आता या टाकीवर झाकण का घातलं, याची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बागेत फिरवणारे हमखास सांगतात. शेजारी पारशी समाजाची डुंगरवाडी आहे, तिथे मृतदेह पक्ष्यांसाठी ठेवतात, आणि पक्ष्यांच्या चोचीतून काही पाण्यात पडू नये म्हणून वर बाग केली. डुंगरवाडी तिथे सतराव्या शतकापासून आहे हे खरं. पण मला विचाराल तर झाकणासाठी त्या गोष्टीची गरजच नाही. उघड्या पाण्यावर ऊन पडलं की शेवाळ धरतं. धूळ पडते, पाला पडतो, कावळे-कबुतरं बसतात. शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी कुणीही उघडं ठेवत नाही, आपण हंड्यावर झाकण ठेवतोच की. ती गोष्ट ऐकायला चटकदार आहे म्हणून टिकली. आणि जाता जाता, गिधाडं आता तिथे नाहीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशभरातली गिधाडं नव्वदच्या दशकापासून जवळपास संपली, आणि पारशी समाजापुढे त्यातून खराखुरा पेच उभा राहिला. ती मोठी कथा आहे, पुन्हा कधीतरी.

मुलांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो. भाची, वय वर्षं सात, फाटकातून आत शिरली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मावशी, लटकतंय कुठे?’ बरोबर आहे तिचं. नाव हँगिंग गार्डन, आणि काहीच लटकत नाही! टेकडीच्या अंगावर, उंचावरच्या सज्जासारखी बसवलेली बाग, म्हणून ते नाव. बाबिलोनच्या झुलत्या बागांची जी वर्णनं आपल्यापर्यंत आली आहेत, त्यांतही गच्च्यांवर माती टाकून लावलेली झाडंच आहेत, झोपाळ्यासारखं काही नाही. भाषांतरात ‘झुलत्या’ झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं निराश होत आली. या बागेचं अधिकृत नाव फिरोजशहा मेहता उद्यान. महापालिकेत ज्यांचा शब्द चालायचा आणि १८८८ च्या महापालिका कायद्यामागे ज्यांचा मोठा हात होता, ते हे फिरोजशहा. पालिकेच्या मुख्यालयासमोर पुतळा आहे तोही त्यांचाच. पाण्याच्या टाकीवरच्या बागेला पालिकेच्या माणसाचं नाव, हे मला तरी शोभून दिसतं.

टाकीवरची बाग ही साध्या बागेसारखी नसते, हे तिथे गेल्यावर नीट बघा. छपरावर माती किती घालणार? माती जड असते, भिजली की आणखी जड. शिवाय मोठ्या झाडाचं मूळ भेगा शोधत जातं, आणि भेग पडली की खालच्या पाण्याचं काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे अशा जागी शोभतात त्या हिरवळी, फुलांचे वाफे, बुटकी झुडपं. हँगिंग गार्डनची प्रसिद्धी ज्यामुळे आहे, ती कातरून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपंही त्याच जातीची. माळी लोक वर्षानुवर्षं कातरी चालवून पानांमधून हत्ती काढतात. सोपं काम नाही हे. झुडूप वाढतच राहतं, म्हणजे हत्तीला दर काही दिवसांनी पुन्हा हत्ती करावं लागतं. आठवडाभर कातरी फिरली नाही की सोंड सुटते. एखादा माळी काम करताना दिसला तर मुलांना तिथे दहा मिनिटं उभं करा. आमच्याकडच्या दोघांनी सगळ्यात शांतपणे काय पाहिलं असेल तर ते हेच.

आईला मात्र कधी एकदा रस्ता ओलांडून समोर जातोय असं झालं होतं. ती वाढली गिरगावात. तिच्या लहानपणी रविवारची चैन म्हणजे चौपाटीवरून चालत टेकडी चढायची आणि म्हातारीचा बूट. आमच्या भावोजींचं बालपण साताऱ्याकडचं. त्यांच्या शाळेची मुंबईची सहल म्हणजे एसटीत रात्रभर कोंबून आणायचे, आणि मग राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, गेटवे आणि बूट. ‘गेटवे आठवत नाही, बूट आठवतो,’ असं ते म्हणतात. या भागाची तयारी करताना मी दहा-बारा जणांना विचारलं, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी हेच सांगितलं.

तर हा बूट. कमला नेहरू पार्क झालं १९५२ मध्ये, साधारण चार एकरांत. नाव जवाहरलाल नेहरूंच्या पत्नीचं. कमलाबाई १९३६ सालीच गेल्या होत्या. बूट म्हणजे एक भलामोठा, सिमेंटचा, घरासारखा जोडा. आतून जिना, मुलं चढून वर जातात आणि खिडकीतून खाली आईबाबांना हात करतात. आत फक्त लहान मुलांनाच सोडतात, मोठ्यांनी खाली उभं राहून फोटो काढायचे. कल्पना घेतली आहे एका जुन्या इंग्रजी बालगीतावरून, ज्यात एक म्हातारी बुटात राहते.

आणि या बुटाचा आराखडा कुणाचा? सोली आरसीवाला यांचा. हे नाव सहसा कुणाला माहीत नसतं. आरसीवाला हे पाणी आणि सांडपाणी या विषयातले अभियंते. पुढे ते नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संस्थेचे संचालक झाले, सांडपाणी शुद्धीकरणावर त्यांची पुस्तकं आहेत, अजून अभ्यासली जातात. म्हणजे बघा, टाकी पाण्यावाल्यांची, बाग पाण्यावाल्यांकडे, आणि बूटसुद्धा एका पाण्यावाल्यानेच काढलेला. सांडपाण्याच्या टाक्यांची गणितं करणाऱ्या माणसाने मुंबईच्या पोरांना एक बूट दिला, आणि त्यांच्या बाकीच्या कामाबद्दल अवाक्षर माहीत नसलेली लाखो माणसं तो बूट विसरलेली नाहीत. मला हे फार आवडतं.

जगात तेव्हा अशा गोष्टींच्या बागांची लाटच होती. अमेरिकेत ओकलंड शहरात १९५० मध्ये ‘चिल्ड्रन्स फेअरीलँड’ सुरू झालं. गंमत म्हणजे त्याच्या दारातच म्हातारीचा बूट आहे, त्यातूनच आत जायचं. पेनसिल्व्हानियात एका चपला-बुटांच्या व्यापाऱ्याने १९४८ मध्ये जाहिरात म्हणून बुटाच्या आकाराचं खरोखरीचं घरच बांधलं. आणि नेदरलँड्समधलं ‘एफ्टेलिंग’, जिथलं परीकथांचं जंगल चित्रकार आंतोन पीक यांनी रेखाटलं, ते नेमकं १९५२ सालचं. डिस्नेलँड त्यानंतर तीन वर्षांनी. आपला बूट कुणाची नक्कल आहे असं मी म्हणत नाही, तसा काही धागा माझ्यासमोर नाही. पण महायुद्ध संपलेलं, आपल्याकडे स्वातंत्र्य नुकतं आलेलं, आणि ठिकठिकाणी मोठ्या माणसांना एकदम वाटलं की मुलांना शिरता येईल अशी गोष्ट बांधावी. फरक इतकाच की एफ्टेलिंगचं पुढे मोठं तिकिटाचं उद्यान झालं. आपला बूट पालिकेचाच राहिला, आणि आत जायला अजून पैसे पडत नाहीत.

आता मूळ गीताबद्दल थोडं, कारण आपण ते गोड समजतो. छापील रूपात ते १७९४ च्या एका इंग्रजी संग्रहात सापडतं. जोसेफ रिटसन नावाच्या संग्राहकाने तो केला होता. त्यात काय आहे? बुटात राहणारी एक म्हातारी, पोरं इतकी की काय करावं सुचेना. मग ती त्यांना भाकरीशिवाय नुसतं पातळ कढण पाजते, चोपते आणि झोपवते. संपलं! हे बालगीत. ही म्हातारी म्हणजे अमुक राणी, तमुक राजा, असे तर्क पुष्कळ झालेत, धड पुरावा कशालाच नाही. गरिबी आणि लेंकुरवाळेपणा या दोन गोष्टी कळायला राणी कशाला हवी?

आपल्याकडे गंमत झाली ती अशी, की गीत बाजूलाच पडलं आणि बूट राहिला. मराठी शाळेतल्या बहुतेक मुलांना ते इंग्रजी गीत येतच नव्हतं. त्यांना म्हातारी माहीत होती ती आपली, भोपळ्यातली. लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येणारी आणि वाघाला चकवणारी. एका म्हातारीचं घर भोपळा, दुसरीचं बूट, यात मुलांना काही वावगं वाटलं नाही. ‘म्हातारीचा बूट’ हे नाव इतकं रुजलं की कमला नेहरू पार्क म्हटलं तर माणसं क्षणभर थांबतात, आणि बूट म्हटलं की लगेच ओळखतात.

भाची वर जाऊन आली आणि तक्रार केली, ‘आत म्हातारीच नाहीये.’ यावर आई जे म्हणाली ते मी इथे नोंदवून ठेवते. ‘अगं, ती लेकीकडे गेलीये. भोपळ्यात बसून.’ झालं. दोन देशांतल्या, दोन भाषांतल्या म्हाताऱ्या एक झाल्या. भाचीने नंतर मला खासगीत विचारलं की मग पोरांना जेवायला कोण घालतं. त्याचं उत्तर मी देऊ शकले नाही.

कमला नेहरू पार्कच्या कठड्याजवळ आलात की खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची कमान दिसते. दिवे लागल्यावरचा तो राणीचा रत्नहार. सगळे इथे फोटो काढतात, काढा. पण मुलांना एक गोष्ट सांगा. वरची बाग झाली तेव्हा इथून बघणाऱ्याला हे दृश्य दिसत नव्हतं. मरीन ड्राइव्ह नव्हताच. समुद्र चर्चगेटकडे जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांजवळ होता. ती वळणदार पट्टी, त्या इमारती, सगळं विसाव्या शतकात समुद्र मागे हटवून केलेलं. म्हणजे या दृश्यापेक्षा तुमच्या मागची बाग वयाने मोठी आहे. आईच्या वेळी इथे जवळच नाझ कॅफे होता, त्याच्या गच्चीवरून हेच दृश्य बघत लोक चहा प्यायचे, सिनेमावाले यायचे. तो आता नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मघाशी म्हटलं ना, बाग म्हणजे टाकीचं झाकण. मग टाकी म्हातारी झाली की बागेचं काय?

हा प्रश्न २०२३ मध्ये खरोखरच समोर आला. टाकी सव्वाशे वर्षांहून जुनी. पालिकेने ठरवलं की ती पाडून नवी, मोठी, १९ कोटी लिटरची बांधायची. खर्च सुमारे ६९८ कोटी रुपये. बाग काही वर्षं बंद राहणार होती, आणि ३८९ झाडं तोडावी किंवा हलवावी लागणार होती. टेकडीवरचे आणि आसपासचे लोक उठले. सह्या झाल्या, सभा झाल्या. ‘श्रीमंत वस्तीतल्या लोकांची झाडं’ अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच हवेतली नव्हती. पण बाग फक्त मलबार हिलवाल्यांची नाही. रविवारी तिथे जाऊन बघा कोण असतं. मुंबईभरातून, मुंबईबाहेरून आलेली, डबे घेऊन आलेली कुटुंबं असतात.

यातली तांत्रिक अडचण समजून घेण्यासारखी आहे. घरची टाकी साफ करायची तर आपण आदल्या दिवशी पिंपं भरून ठेवतो आणि टाकी रिकामी करतो. इथे पिंपं कुठून आणणार? टाकी बंद केली तर अर्ध्या दक्षिण मुंबईचं पाणी बंद. सुदैवाने ज्यांनी बांधली त्यांनी आत कप्पे केलेले आहेत. एक कप्पा रिकामा करायचा, बाकीचे चालू ठेवायचे. मग पालिकेने एक समिती नेमली. त्यात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक होते, पालिकेचे अधिकारी होते आणि स्थानिक नागरिकांपैकी जाणकारही होते. कप्पे आळीपाळीने रिकामे केले गेले आणि माणसं आत उतरली. त्या काळात दक्षिण मुंबईत पाणीकपातही झाली. आतल्या पाहणीनंतर, आणि पुढे आयआयटी रुरकीच्या तज्ज्ञांचं मत घेतल्यावर, सगळी टाकी पाडायचा बेत मागे पडला. दुरुस्ती करून ती चालवता येईल, असा मार्ग निघाला.

माझं मत विचाराल तर सांगते. पाणी आधी, बाग नंतर, याबद्दल मला शंका नाही. उद्या टाकी खरोखर धोक्यात आहे असं दिसलं, तर बाग बंद करावी आणि टाकी बांधावी. पण पाडायचं ठरलं होतं ते आतून नीट बघण्याआधी, ही गोष्ट मला खटकते. लोकांनी ‘आधी उतरून बघा’ म्हटलं म्हणून बघितलं गेलं. आणि जुन्या अभियंत्यांनी कप्पे ठेवले होते म्हणून बघता आलं. सव्वाशे वर्षांनी कुणाला तरी आत उतरावं लागेल, याचा विचार करून केलेलं ते काम आहे. हे मी मुलांना बुटासमोर उभं राहून सांगायचा प्रयत्न केला. भाचा म्हणाला, ‘मग आपण आत उतरूया?’ नाही बाबा, नाही उतरता येत. पिण्याचं पाणी आहे, बंदोबस्त असतो, आणि असलाच पाहिजे.

आता जायचं असेल तर चार कामाच्या गोष्टी. रेल्वेने आलात तर ग्रँट रोड किंवा चर्नी रोडला उतरा. तिथून टॅक्सी करा, किंवा पाटीवर ‘कमला नेहरू पार्क’ लिहिलेली बेस्टची बस बघा. ती थेट वर आणून सोडते. बरोबर वयस्कर माणूस असेल तर चढण पायी चढू नका, आईने हट्टाने चढली आणि मग तासभर बाकावर बसून होती. आधी हँगिंग गार्डन, मग बूट, हा क्रम ठेवा. उलटा केलात तर मुलं बुटावरून हलत नाहीत आणि पाण्याची सगळी गोष्ट सांगायची राहून जाते. ऊन कलल्यावर या, म्हणजे शेवटी दिवे लागलेले दिसतील. दोन्ही बागांना प्रवेश फुकट आहे. बूट अधूनमधून रंगरंगोटीसाठी बंद असतो, तेव्हा मुलांना आधीच फार आशा लावू नका. शाळांच्या सहलींच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, बुटासमोर रांग असते. त्या रांगेत तुमचं मूल आणि सांगली-सोलापूरकडचं मूल शेजारी उभं राहतं, आणि दोघं पाच मिनिटांत मित्र होतात, ते बघायला मिळतं.

पार्कच्या मागच्या बाजूला झाडीतून जाणारी लाकडी उन्नत पायवाट २०२५ मध्ये सुरू झाली आहे. जेमतेम अर्ध्या किलोमीटरची, जमिनीपासून उंचावर, झाडांच्या शेंड्यांतून. तिला तिकीट आहे आणि वेळ आधी आरक्षित करावी लागते, म्हणून घरूनच बघून निघा. तिथे मात्र खरोखर मोठी झाडं आहेत, टाकीच्या छपरावर न दिसणारी. दोन्ही पाठोपाठ पाहिलंत तर मातीच्या जाडीने काय फरक पडतो, ते वेगळं सांगावं लागत नाही.

खायचं काय? आम्ही डबे नेले होते. घावन, शेंगदाण्याची चटणी, काकडी. उतरताना चौपाटीवर भेळ झालीच. आई म्हणाली, पूर्वीसारखी नाही. ती दरवेळी असंच म्हणते आणि दरवेळी दुसरी प्लेट मागवते.

तुमच्याकडे बुटासमोरचा जुना फोटो असेल, विशेषतः शाळेच्या सहलीतला, गणवेशातला, तर आम्हाला जरूर पाठवा, सालासकट. कुठल्या वर्षी बुटाचा रंग कोणता होता याची एक यादी करायचं डोक्यात आहे. आईच्या मते तिच्या वेळी तो वेगळ्या रंगाचा होता, पण तिच्याकडचा फोटो काळा-पांढरा आहे.

पुढच्या भागात याच टेकडीच्या दुसऱ्या उतारावर जाऊ, बाणगंगेला. तेही पाणीच, पण नळात न आलेलं. भेटूया.